महापालिका आणि प्रदूषण मंडळाला खुलं पत्र: एक्यूआय दाखवता, आता फिल्टरचा डीपीही दाखवा

प्रति,
पर्यावरण खातं, बृहन्मुंबई महानगरपालिका
आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, सायन

साहेब, मॅडम, नमस्कार.

माझं काम हवा गाळायचं. फिल्टर विकत नाही, फिल्टरवर संशोधन करते. आधी माटुंग्याला केमिकल इंजिनिअरिंग, मग फायबर फिल्टरवर पीएचडी, मग काही वर्षं फार्मा कंपन्यांच्या क्लीनरूम (धूळ आत येऊ न देणाऱ्या खोल्या), त्यानंतर सिमेंट, खडी, भट्ट्या अशी धुळीची कामं आणि आता परत लॅब. लग्नाकार्यात भेटलेला माणूस मला दोनच प्रश्न विचारतो, घरी कुठला प्युरिफायर घेऊ आणि तुमच्या फील्डला स्कोप आहे का. पहिल्याचं उत्तर मी देते. दुसऱ्याचं उत्तर बरंचसं तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला वेळ नसला तरी चालेल. शहरात जिथे जिथे धूळ पकडायला फिल्टर बसवलाय, मग तो आरएमसी (रेडी मिक्स काँक्रीट) प्लांटच्या सायलोवर, म्हणजे सिमेंटच्या उंच टाकीवर असो, खडीच्या क्रशरला असो नाहीतर भट्टीच्या चिमणीला, तिथे त्या फिल्टरचा डीपी, म्हणजे दोन बाजूंच्या हवेच्या दाबातला फरक, दर शिफ्टला नोंदवला जावा आणि तो आकडा आजूबाजूच्या लोकांना बघायला मिळावा. एवढंच. एक्यूआय आता सगळ्यांना पाठ झालाय, आमच्या बिल्डिंगमधल्या आजीसुद्धा सकाळी मोबाईल बघून ठरवतात की आज खाली चालायला उतरायचं का नाही, पण एक्यूआय हा शेवटचा निकाल आहे, त्यात समुद्राचा वारा आला, गाड्या आल्या, कचऱ्याचा धूर आला, सगळंच आलं, आणि अमुक प्लांटवरचा फिल्टर काल रात्री चालू होता का नुसता लटकत होता हे त्यातून कोणालाच कळत नाही.

डीपी म्हणजे डिफरन्शियल प्रेशर. फिल्टरच्या अलीकडे हवेचा दाब किती, पलीकडे किती, त्यातला फरक. प्लांटवर पूर्ण नाव कोणी घेत नाही, 'डीपी किती चाललाय?' असंच विचारतात, आणि तो मिलिमीटर पाण्यात सांगतात, म्हणजे तेवढा दाब पाणी किती उचलेल ती उंची. सिमेंटसारख्या धुळीच्या मोठ्या बॅगहाऊसला (कापडी बॅगांच्या फिल्टरला) साधारण १०० ते १५० मिलिमीटरच्या आसपास चालतो, छोट्या फिल्टरला कमी. आणि यातली गंमत अशी की डीपी कमी म्हणजे चांगलं असं नाहीये! एकदम कमी झाला तर बहुतेक बॅग फाटलीय किंवा हवा भलतीकडून जातेय. एकदम चढला तर बॅग चोक झालीय, मग पंखा हवा ओढू शकत नाही आणि जी धूळ ओढून घेणाऱ्या हूडमधे जायला पाहिजे ती शेडमधे, तिथून रस्त्यावर आणि तिथून शेजारच्या चाळीत. म्हणजे एक सुई बघून यंत्राची तब्येत कळते. माझ्या फील्डमधे इतकं स्वस्त आणि इतकं खरं बोलणारं दुसरं काही नाही.

फिल्टर कसा चालतो ते थोडं सांगते, कारण टेंडर लिहिणाऱ्यालाही ते माहीत असायला हवं. बहुतेकांना वाटतं फिल्टर म्हणजे चहाची गाळणी, भोकापेक्षा मोठं ते अडकलं आणि लहान ते खाली गेलं. तसं अजिबात नाही. हेपा, म्हणजे अगदी बारीक कण पकडणारा फिल्टर, त्याच्या धाग्यांमधली जागा तो पकडतो त्या कणांपेक्षा बरीच मोठी असते. मोठा कण जड असतो, हवा धाग्याला वळसा घालते पण त्याला तेवढं वळता येत नाही, तो जाऊन आपटतो. एकदम बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडावाकडा फिरतो आणि फिरता फिरता धाग्याला चिकटतो. मधले, साधारण ०.३ मायक्रॉनचे, ते खरे चिवट, आपटण्याइतके जड नाहीत आणि भटकण्याइतके हलके नाहीत. म्हणून हेपाचा ९९.९७ टक्के हा आकडा ०.३ मायक्रॉनवर सांगतात, त्याहून बारीक कण तो उलट जास्त पकडतो. कोविडमधे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायचं ना की व्हायरस मास्कच्या भोकापेक्षा लहान आहे मग मास्कचा काय उपयोग, ते वाचून माझ्या डोक्यात जायचं.

आता बॅग फिल्टर. त्यात नवी कोरी बॅग सगळ्यात जास्त गळते, हे ऐकून भलेभले बघत राहतात. खरं काम कापड करत नाही, कापडावर जमलेला धुळीचा थर करतो, त्याला आम्ही केक म्हणतो. तो जमला की गाळणं सुधारतं, जास्त जमला की डीपी चढतो, मग कॉम्प्रेसरच्या हवेचा झटका देऊन तो थोडा पाडायचा, सगळा नाही. हे रोजचं काम आहे, कोणीतरी लक्ष ठेवून करायचं. यंत्र विकत घेतलं, रिबन कापली, फोटो काढला आणि हवा स्वच्छ झाली असं फिल्टरच्या बाबतीत होत नाही हो.

माझ्या करिअरमधली जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायचीय ती ही. मी फार्मात काम केलं तेव्हा प्रत्येक क्लीनरूमच्या दाराशी एक गोल गेज असायचा, आतला आणि बाहेरचा दाब दाखवणारा, शिफ्टला त्याची नोंद, सही, तारीख. छतातले हेपा ठरलेल्या मुदतीला जागेवर टेस्ट व्हायचे, वरून धूर सोडून खाली फोटोमीटर फिरवायचा, कुठे गॅस्केट नीट बसलं नसेल तर तिथेच सापडायचं. ही शिस्त अणूच्या कामातून आलीय, हेपाचा जन्मच १९४० च्या दशकातला, अमेरिकेच्या अणुबॉम्बच्या प्रकल्पात किरणोत्सर्गी कण अडवायला केलेला, आणि त्या कामात कारखान्यातून पास होऊन आलेल्या फिल्टरवर कोणी तेवढ्यावर विश्वास ठेवत नाही, बसवल्यावर परत तपासतात. फार्मात वही का भरली जायची? ऑपरेटर फार तत्त्वाचा होता म्हणून नाही. तपासणीला येणारा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या वही मागायचा, आणि वहीत एक ओळ कोरी असली तर मॅनेजरला घाम फुटायचा.

मग मी धुळीच्या कामात आले. फिल्टर तेच, सिद्धांत तेच, मी पण तीच. पूर्व उपनगरातल्या एका आरएमसी प्लांटवर गेले होते, नाव नको. सायलोवर फिल्टर होता, चांगला होता, गेजसुद्धा होता. सुई शून्यावर. खाली बल्करमधून सिमेंट चढत होतं आणि सुई शून्यावर. ऑपरेटरला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तो बसवला तेव्हापासून झिरोवरच आहे." हे म्हणताना त्याला काही लपवायचंय असं पण नव्हतं, त्याला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी, बल्कर म्हणजे तो गोल टाकीचा सिमेंटचा ट्रक. कॉम्प्रेसरने हवा भरून सिमेंट पाइपातून उंच सायलोत ढकलतात. सिमेंटबरोबर हवा पण वर जाते, ती कुठूनतरी बाहेर पडणारच, ती सायलोवरच्या फिल्टरमधून पडावी अशी योजना. फिल्टर चोक असला की सायलोत दाब चढतो, वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पांढरा ढग सुटतो. मग बल्कर हळू रिकामा होतो, ड्रायव्हर ओरडतो, त्याची पुढची फेरी असते, जड गाड्यांना बंदीचे तास असतात, आणि मग कोणीतरी वर चढून बॅगाच सैल करून ठेवतो. म्हणजे दोष त्या वर चढणाऱ्या पोराचा म्हणाल तर माझ्या मते तो शेवटून पहिला. डीपी बघितला असता तर आठवडाभर आधीच कळलं असतं की बॅग बदलायला आलीय.

आता मुंबईचं खास दुखणं. आपल्याकडे फिल्टर मरतो पावसाळ्यात. हवेत ओल, कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी, त्याला ड्रायर नसतो किंवा असला तर बंद, ते पाणी प्रत्येक झटक्याबरोबर बॅगेवर. सिमेंट आणि पाणी एकत्र आलं की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. जून ते सप्टेंबर बॅग आतल्या आत कडक होत जाते आणि कोणाला कळत नाही, कारण तेव्हा पाऊस हवा धुऊन काढतो, एक्यूआय हिरवा असतो, तक्रार करायला कोणी येत नाही, तुमचेही लोक तेव्हा पाणी तुंबण्याच्या मागे असतात. मग ऑक्टोबर संपता संपता वारं पडतं, समुद्राकडचा वारा उशिरा सुरू होतो, सकाळी हवेचा थर खाली बसतो आणि बरोब्बर त्याच वेळी बांधकामं जोरात सुरू होतात. मेलेले फिल्टर आणि पडलेलं वारं एकाच महिन्यात. तपासणीच्या मोहिमा मात्र एक्यूआय लाल झाल्यावर निघतात. मला विचाराल तर तपासणी सप्टेंबरात व्हायला पाहिजे, गणपती उठले की लगेच.

२०२३ च्या ऑक्टोबरात महापालिकेने २७ मुद्द्यांचे नियम काढले ते मी वाचलेत. मोठ्या बांधकामांभोवती ३५ फूट उंच पत्रे, पाणी मारणं, गाड्यांची चाकं धुणं, जागेवर सेन्सर. वाईट नाहीत, बरेचसे योग्यच आहेत, आधी धूळ उडू न देणं हा आमच्या फील्डमधला पहिला धडा आहे. पण पत्रा लावलाय का नाही हे रस्त्यावरून दिसतं, फिल्टर चालतोय का नाही हे रस्त्यावरून दिसत नाही. देशात १७ प्रकारच्या मोठ्या प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना चिमणीवर ऑनलाइन मीटर लावायला केंद्रीय मंडळाने २०१४ मधेच सांगितलं, त्यात सिमेंटचे कारखाने येतात, पण ते सिमेंट शहरात आणून त्याचं काँक्रीट करणारा तुमच्या आमच्या गल्लीमागचा आरएमसी प्लांट त्या १७ मधे नाही. तेवढं महागडं मीटर त्याला परवडणारही नाही. डीपी गेज मात्र काही हजारांत येतो. तेही नको असेल तर पारदर्शक नळी यू आकारात वाकवून त्यात पाणी भरा, एक टोक फिल्टरच्या अलीकडे आणि एक पलीकडे, शेजारी मोजपट्टी. झाला मॅनोमीटर. आम्ही फर्स्ट इयरच्या पोरांकडून करून घेतो.

स्मॉग टॉवरबद्दल पण लिहिते कारण दर हिवाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच की दिल्लीसारखा टॉवर मुंबईत का नको. दिल्लीत कॅनॉट प्लेसला २०२१ च्या ऑगस्टमधे टॉवर सुरू झाला, उंची सुमारे २४ मीटर, ४० पंखे, सेकंदाला १००० घनमीटर हवा गाळायची क्षमता सांगितली होती. आकडा मोठा वाटतो. आता आपल्या शहराचा हिशेब करा. मुंबईचं क्षेत्रफळ धरा ४४० चौरस किलोमीटर, हिवाळ्यातल्या सकाळी जमिनीलगतचा हवेचा थर धरा ५०० मीटर. ही सगळी हवा त्या एका टॉवरमधून एकदा काढायची तर अडीच हजार दिवस लागतील, म्हणजे सातेक वर्षं, आणि मधल्या काळात वारं थांबणार नाही, हवा तर काही तासांत बदललेली असते. २०२३ मधे दिल्लीच्या प्रदूषण समितीनेच सांगितलं की टॉवरचा म्हणावा तसा परिणाम नाही. मी फिल्टरवाली आहे, फिल्टर विकले गेले तर माझ्याच फील्डचा फायदा, तरी सांगते, मोकळ्या आकाशाखाली फिल्टर लावू नका. धूळ जिथे दाट आहे तिथे पकडा. सायलोच्या तोंडाशी, क्रशरच्या हूडमधे, तिथे एक घनमीटर हवेत जेवढी धूळ असते तेवढी रस्त्यावरच्या हवेत गोळा करायला हजारो घनमीटर ओढावी लागेल, आणि पंख्याची वीज कोण भरणार?

पाण्याच्या तोफांचंही तेच. रस्त्यावरची जाड धूळ बसवायला ठीक, पण पाण्याच्या मोठ्या थेंबाभोवतून पीएम २.५ चा बारीक कण हवेबरोबर वळसा घालून निघून जातो, थेंबाला फारसा लागतच नाही. तेच पाणी खणलेल्या मातीवर आणि डेब्रिसच्या ढिगावर आधी मारलं तर जास्त उपयोगी.

बेकऱ्यांचं उदाहरण मला आवडतं. २०२५ च्या जानेवारीत हायकोर्टाने लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या इंधनावर जायला सांगितलं. पावाची चव जाईल वगैरे ओरड झाली, छोट्या बेकरीवाल्याला खर्चाचा त्रास आहेच आणि त्याला मदत मिळायला हवी, पण प्रोसेस इंजिनिअर म्हणून बघितलं तर हा बरोबर क्रम आहे. धूर तयार झाल्यावर गाळत बसण्यापेक्षा धूर तयारच होऊ न देणं. प्रत्येक बेकरीच्या धुराड्याला फिल्टर लावायचं ठरलं असतं तर वर्षभरात त्यातले बहुतेक तेलकट काजळीने बुजून गेले असते.

आता तो स्कोपचा प्रश्न. माझ्याकडे मुलं येतात, हुशार असतात. फायबरवर विद्युतभार बसवून दाब न वाढवता जास्त कण पकडणं, एन ९५ मधे असतं तसं, यावर एका मुलीने फार छान काम केलं होतं. (लोक मास्क साबणाने धुवायचे तेव्हा हाच भार उडून जायचा, वरून मास्क तसाच दिसायचा.) मुंबईत याच्यापुढचा प्रश्न आहे मिठाचा. आपल्या हवेत समुद्राचं मीठ असतं, आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण पाणी ओढून थेंब होतो आणि भरलेल्या फिल्टरमधे तो धाग्याधाग्यांमधे पसरतो. टेस्ट लॅबमधली धूळ कोरडी असते, खऱ्या वरळीतली किंवा ट्रॉम्ब्यातली नसते. हे संशोधन इथेच व्हायला पाहिजे, दुसरं कोण करणार. पण ती मुलगी आज बँकेच्या डेटा टीममधे आहे आणि मला तिला दोष देता येत नाही. फिल्टर फक्त विकत घेताना मोजला जातो, त्यानंतर तो चालतो का हे कोणी विचारत नाही, मग चांगला फिल्टर करणाऱ्याला कोण विचारणार? सगळ्यात कमी भावाचं टेंडर पास होतं आणि विषय संपतो.

खरं तर डीपी म्हणजे वीजबिल पण आहे. सेकंदाला १० घनमीटर हवा १५० मिलिमीटरच्या डीपीतून ओढायची तर पंख्याला पंचवीसेक किलोवॅट लागतात. डीपी निम्मा केला तर तेवढी वीज निम्मी. आमची सगळी विद्या शेवटी हीच, पकडणं तेवढंच ठेवून दाब कमी करणं. ज्या दिवशी डीपी रोज लिहायला लागेल त्या दिवशी प्लांटच्या मालकाला स्वतःला दिसेल की स्वस्त बॅग महाग पडते, मग तो चांगलं मटेरियल मागेल, मेंटेनन्सला माणूस ठेवेल, आणि माझ्या विद्यार्थ्यांना याच शहरात नोकरी मिळेल. सक्ती फक्त वहीची करा, बाकीचं हळूहळू होतं, फार्मात झालंय.

तर साहेब, मंडळाच्या परवान्याच्या अटींत ही एक अट घाला: फिल्टर आहे तिथे चालू गेज, शिफ्टला नोंद, आणि पकडलेली धूळ कुठे जाते त्याचीही नोंद, कारण फिल्टरखालच्या हॉपरमधे जमलेली धूळ गोणीत भरून रस्त्याच्या कडेला टाकली तर ती दुपारच्या वाऱ्याला परत तुमच्या एक्यूआयमधे हजर. महापालिकेने गेटवर एक बोर्ड लावून घ्यावा, आजचा डीपी आणि बॅग शेवटची कधी बदलली ती तारीख. मोबाईल अ‍ॅप नंतर करा, आधी खडूने लिहा. खोटे आकडे लिहितील म्हणाल, लिहितीलच, पण रोज ११० लिहिलेला डीपी बघून आम्हाला लगेच कळतं, जिवंत फिल्टरचा आकडा कधी एका जागी बसत नाही.

माणसं कमी आहेत हेही मला माहितीये. एकेका फील्ड ऑफिसरच्या अंगावर किती युनिट असतात ते बघितलंय. म्हणून एखाद्या वॉर्डात, गोवंडी-देवनारचा एम पूर्व घ्या, इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांना इंटर्नशिप द्या. सप्टेंबरात दोघादोघांच्या टीम, हातात मॅनोमीटर, तुमच्या ऑफिसचं पत्र आणि सेफ्टी हेल्मेट. नोटीस काढायचा अधिकार त्यांना नको, फक्त मोजायचं आणि लिहायचं. ट्रेनिंग मी देते, फुकट देते, एका दिवसाचं काम आहे. सायलोवर चढायची शिडी धड असली म्हणजे झालं, ती तेवढी आधी तपासून घ्या, बऱ्याच ठिकाणी नसते.

आपली,
फिल्टरवर काम करणारी एक संशोधक, मुलुंड